कुणबिणीचा पिंड कोणी द्यायचा?

श्राद्धाचा अधिकार कुणाला, याचा क्रम धर्मशास्त्रानं फार बारकाईनं लावून ठेवला आहे. मुलगा, नातू, पणतू, पत्नी, भाऊ, पुतण्या, पुढं सपिंड, समानोदक, शिष्यसुद्धा. यातलं कुणीच उरलं नसेल तर राजा. मृताच्या मागं राहिलेल्या धनातून राजानं त्याचं और्ध्वदेहिक करवावं, असं सांगितलं आहे. एवढ्या लांबलचक क्रमाच्या मुळाशी व्यवहार मात्र एकच आहे: जो धन घेईल त्यानं पिंड द्यावा. शेत घ्यायचं, घर घ्यायचं आणि तीळपाणी सोडायच्या वेळी हात मागं घ्यायचा, हे चालत नाही. कोल्हापूरच्या राजारामपुरीत भिक्षुकी करताना वाटणीवरून भांडणाऱ्या भावांना हा नियम मी कितीदा तरी ऐकवला आहे. आता त्याच नियमाचं टोक आपल्या सगळ्यांकडं वळलेलं मला दिसतं.

भाद्रपदाच्या वद्य पक्षात आमच्या भागात घरोघर म्हाळ असतो. राजारामपुरीच्या नंबरांच्या गल्ल्यांतून सकाळपासून एका घरून दुसऱ्या घरी जावं लागतं. बाप, आजा, पणजा, आई, आजी, पणजी, आजोळची माणसं, मग काका, मामा, आत्या, मावशी, सासरा, गुरू, मित्र. नावं-गोत्रं घेऊन सगळ्यांचे पिंड मांडून झाले की शेवटी एक उरतो, धर्मपिंड. त्याला नाव नाही, गोत्र नाही. आपल्या दोन्ही वंशांत जे दास झाले, जे चाकर होते, आश्रित होते, त्यांचा उल्लेख या मंत्रात येतो. मित्र येतात, जनावरं येतात, झाडं येतात, मागल्या कुठल्या जन्मी ज्यांचा संग घडला तेही येतात. एव्हाना यजमान दमलेला असतो, आतून वड्यांचा वास येत असतो, मुलांना भूक लागलेली असते. तरी हा मंत्र मी सावकाशच म्हणतो. आपल्या घरात दास होते, ही कबुली आपल्या पूर्वजांनी मंत्रातच लिहून ठेवली आहे, ती घाईत उरकण्यासारखी नाही.

एका घरी नातवाच्या हातून म्हाळ चालला होता. खुर्चीवर बसून बघणाऱ्या आजींनी विचारलं, “गुरुजी, ह्यो शेवटचा कुणाचा वो?” मी अर्थ सांगितला. आजी थोडा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, “म्हंजे आमच्या वाड्यातल्या बाईचाबी आला म्हनायचा त्यात. विकत आणलेली हुती म्हनं. माज्या सासूबाईंच्या सासूच्याबी आदीची गोष्ट. नाव काय कुणी सांगितलं न्हाई. जातं तेवढं हाय तिचं.” सुनेनं पटकन म्हटलं, “आई, राहू दे की ते आता.” आजी राहू देईनात. पूजा आटोपल्यावर त्यांनी मला मागच्या गॅलरीत नेलं. भुदरगड तालुक्यातल्या गावचा वाडा पडला तेव्हा तिथून आणलेलं ते जातं होतं. वर तुळशीची कुंडी ठेवली होती. कुंडी उचलून आम्ही बघितलं. काळा दगड, खुंट्याचं भोक रुंदावलेलं, वैरण घालायचं तोंड गुळगुळीत झालेलं, आणि वरची तळी एका अंगाला दुसऱ्यापेक्षा स्पष्ट पातळ झिजलेली. जातं बोथटलं की त्याला टाकी लावून घेतात. त्या टाकीचे घाव मधल्या भागात अजून हाताला लागत होते, कडेला पार पुसले गेले होते. दगड इतका झिजायला किती पहाटा लागल्या असतील, याचा विचार करत मी तिथं उभा होतो. आजींनी त्या जात्याला हात जोडले. सून बघत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, संकोच होता.

त्या संकोचातच आपल्याकडची खरी अडचण आहे.

अठराव्या शतकातल्या मराठी कागदांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदीच्या नोंदी आहेत, बक्षीस म्हणून दिल्याच्या आहेत, पळून गेलेलीला परत धरून आणल्याच्या आहेत. पेशवाईत बदकर्माचा ठपका ठेवून बायकांना गुलाम करत आणि किल्ल्यांवर, सरकारी कोठ्यांत, अंबारखान्यांत, पागांत, गुरांच्या गोठ्यांत कामाला लावत. पोटाला शेर आणि अंगाला लुगडं मिळे. म्हातारपणी, किंवा आपल्या बदली दुसरी बाई दिल्यावर, सुटका झाल्याचेही दाखले आहेत. तिला झालेलं मूल धन्याचं धन. कंपनी सरकारनं 1843 च्या कायद्यानं गुलामीला कोर्टाचा आधार द्यायचं बंद केलं. आम्ही भिक्षुक आजही ज्याच्या आधारे निर्णय देतो तो धर्मसिंधू काशीनाथशास्त्री उपाध्यांनी पंढरपुरात 1790 च्या सुमाराला पुरा केला. एकीकडं शास्त्रीबोवा श्राद्धाचे अधिकारी कोण हे ठरवत होते आणि त्याच काळात त्याच मुलखात माणसांचे सौदे होत होते. एकाच समाजाची ही दोन कामं आहेत आणि दोन्ही आपल्याकडं वारशानं आली आहेत.

ऊस आणि कापसाच्या मळ्यांवर जशी गुलामी होती तशी आपल्याकडं नव्हती, असं लोक मला सांगतात. कुणबीण घरातलीच होऊन जाई, असंही सांगतात. काही घरांत ती जपली गेली असेल, मला ते नाकारायचं नाही. पण जिची किंमत ठरली आणि जिचं पोर दुसऱ्याच्या मालकीचं झालं, तिची गुलामी घरातली म्हणून हलकी होत नाही. धर्माच्या दृष्टीनं तर ती जास्त जड आहे, कारण तिच्या हातचं अन्न आपण देवाला दाखवलं.

विसरलेल्या गुलामांची आठवण दुसरीकडं कशी झाली, ते बघा. न्यूयॉर्क शहरात 1991 मध्ये एका सरकारी इमारतीचा पाया खणताना जुनी दफनभूमी निघाली. सतराव्या-अठराव्या शतकात तिथं आफ्रिकी माणसांना पुरत, त्यातली बहुतेक गुलाम होती. इमारतीचं काम पुढं रेटायचा बेत होता. शहरातली काळी माणसं रस्त्यावर आली, प्रार्थना केल्या, पहारे दिले, आणि 1992 मध्ये खोदकाम थांबवायला लावलं. अस्थींचा अभ्यास हॉवर्ड विद्यापीठाकडं, मायकेल ब्लेकी या शास्त्रज्ञाकडं गेला. ही माणसं कुठून आली, कशी जगली, काय बदललं आणि कसा विरोध केला, हे प्रश्न त्यांनी त्या समाजाशी बसून ठरवले. 419 जणांचे अवशेष होते, त्यांत लहान मुलं फार. हाडांवर ओझ्याच्या खुणा होत्या, स्नायू हाडापासून फाटल्याच्या खुणा होत्या. ऑक्टोबर 2003 मध्ये घानामध्ये हातानं कोरलेल्या पेट्यांतून त्या सगळ्यांना पुन्हा तिथंच मातीत ठेवलं. 2006 मध्ये त्या जागेला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला.

हे वाचताना माझं लक्ष एकाच गोष्टीवर खिळलं. त्या मेलेल्यांशी कागदोपत्री नातं सिद्ध करू शकेल असं त्या गर्दीत जवळजवळ कुणी नव्हतं. तरी माणसं पुढं आली आणि म्हणाली, हे आमचे पितर आहेत. आमच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी अधिकार स्वतःकडं घेतला. आपल्याकडं हे घडणं अवघड आहे. कुणबिणीची मुलं नातवंडं कुठंतरी आहेतच. तीनशे वर्षांत ती कुठल्या ना कुठल्या जातीत मिसळून गेली. पण “मी तिच्या पोटचा” असं म्हणायला कुणी उभा राहणार नाही. तो शब्द आपण शिवी करून ठेवला आहे. म्हणजे अधिकाराच्या क्रमातला पहिला वारस इथं लाजेनं गप्प बसलेला आहे, आणि त्याला बोलायला लावणं हा अधर्म होईल. कुणाच्याही वंशावळीत बोट घालून हे काम करायचं नाही, हे मी ठामपणे सांगतो.

मग क्रमानं पुढं सरकायचं. वारस नसेल तर धन घेणारा. तिचं धन काय? शेत नाही, दागिना नाही. तिचे कष्ट हेच तिचं धन, आणि ते कुणाकडं गेलं हे डोळ्यांना दिसतं. वाड्याकडं गेलं, कोठाराकडं गेलं, किल्ल्याकडं गेलं.

पन्हाळ्याचा अंबारखाना बघा. गंगा, यमुना, सरस्वती अशी पवित्र नावं दिलेली ती कोठारं. गंगा कोठीच्या आत शिरलं की आवाज घुमतो आणि मान वर करून छत बघावं लागतं. सिद्दी जौहरच्या वेढ्यात, 1660 मध्ये, शिवाजी महाराज महिनेच्या महिने या गडावर तग धरून होते, ते गडावरच्या धान्याच्या जोरावर. बाजीप्रभूंचा पुतळा गडावर आहे, शिवा काशीदांचा आहे. महाराजांच्या वेशात पालखीत बसून मरण पत्करणारा एक न्हावी आपण विसरलो नाही, ही या मुलखाची थोरवी आहे. पण एवढं धान्य पाखडलं कुणी, निवडलं कुणी, दळलं कुणी? पुढं गड करवीरकर छत्रपतींकडं होता. त्यांच्या कारभाराचे मोडी कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. हा प्रश्न त्यांना विचारायला आपल्या गावातली माणसं मोडी शिकून तिथं बसली पाहिजेत. जुलै 2025 मध्ये पन्हाळा युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेला. वारसा हा शब्द आपण मोठ्या अभिमानानं घेतला. वारसा घेतला म्हणजे पिंडाची जबाबदारी आली, हे शास्त्राचं सरळ गणित आहे.

गडावर राहणाऱ्यांच्या तोंडी एक गोष्ट आहे. तटाचं बांधकाम टिकेना, रोज ढासळे; बाळंतिणीचा आणि तिच्या तान्ह्याचा बळी द्या असं कुणी सांगितलं, आणि गंगू तेलिणीला तिथं गाडलं. तिची जागा गडावर दाखवतात. ही दंतकथा आहे, तिचा पुरावा म्हणून मी उपयोग करत नाही. पण ज्यांनी हा तट बांधून घेतला त्यांची नावं जिथं अभ्यासकांना वादानं ठरवावी लागतात, तिथं तटाखाली गेलेल्या बाईचं नाव गावानं पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. शास्त्रज्ञ येतील, मोजमाप करतील, थर वाचतील; ही गोष्ट त्यांना दगडात सापडणार नाही. ती सांगणारी माणसं गडावरच राहतात. जागतिक वारशाच्या नियमांनी आपली घरं-धंदे अडचणीत येतील ही धास्ती त्यांच्यापैकी अनेकांनी बोलून दाखवली आहे. त्यांना बाजूला सारून गडाचा इतिहास लिहिला तर गंगू तेलिणीला दुसऱ्यांदा गाडल्यासारखं होईल.

मॉरिशसमधलं ल मॉर्न या बाबतीत बघण्यासारखं आहे. समुद्रात घुसलेल्या त्या उभ्या डोंगरावर पळून आलेले गुलाम लपत. 1 फेब्रुवारी 1835 ला तिथली गुलामी संपली. ती बातमी द्यायला शिपाई डोंगराकडं येताना दिसले, पकडायला आले असं समजून माणसांनी कड्यावरून उड्या टाकल्या, अशी कथा आहे. 2008 मध्ये युनेस्कोनं तो डोंगर यादीत घेतला तेव्हा लोकांच्या तोंडची ती परंपरा वारशाचाच भाग मानली. पायथ्याच्या जुन्या दफनभूमीतलं उत्खनन त्यानंतरचं.

त्या बेटाशी आपलं नातंही आहे. गुलाम सुटणार म्हणून उसाच्या मळ्यांना हात हवे होते. 1834 पासून हिंदुस्थानातून करारबंद मजूर जाऊ लागले. सगळे मिळून जवळपास साडेचार-पाच लाख गेले. त्यांत मुंबई बंदरातून गेलेली मराठी माणसं होती. पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढून ती आत गेली, आणि ज्या वस्त्यांतून गुलाम बाहेर पडले होते तिथंच अनेकांना राहायला जागा मिळाली. एकदा तिथलं एक मराठी कुटुंब कोल्हापुरात आलं, ओळखीतून माझ्याकडं पोचलं. मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेतल्या दप्तरातून काढलेला पूर्वजाचा उतारा त्यांच्याकडं होता. नाव, बापाचं नाव, वय, उंची, अंगावरची खूण, गावाचं कसंबसं वाचता येणारं नाव आणि एक क्रमांक. पंचगंगेच्या घाटावर त्यांना तर्पण करायचं होतं. गोत्र कुणालाच ठाऊक नव्हतं. शास्त्राची सोय आहे: गोत्र कळत नसेल तर काश्यप म्हणावं, कारण सगळी प्रजा कश्यपाची. त्या गृहस्थांनी अपसव्य करून तीळपाणी सोडलं आणि मराठीतच विचारलं, “गुरुजी, आमच्या आधी त्या खोल्यांत राहिले त्यांना पण पाणी देऊ का? त्यांचं तर नावसुद्धा कागदावर आम्हाला मिळालं नाही.” मी म्हटलं, द्या. त्यांनाही काश्यपच म्हणा.

ज्या घाटावर हे घडलं तिथंच 1899 मध्ये शाहू महाराजांच्या स्नानाला वेदोक्त मंत्र म्हणायचं भटजींनी नाकारलं होतं. कुणाला कुठल्या मंत्राचा अधिकार यावरून हे गाव वर्षानुवर्षं पेटलं होतं. माझ्या व्यवसायाच्या इतिहासातलं ते पान मी मिटवू शकत नाही. म्हणून अधिकार नाकारण्याच्या बाजूला मी कधीच उभा राहणार नाही, जिवंतांच्या बाबतीत नाही आणि मेलेल्यांच्याही नाही.

एक तात्त्विक प्रश्न मला नेहमी विचारतात. ती बाई तर कधीच दुसऱ्या जन्माला गेली. मग तिच्यासाठी आता पिंड काय आणि संशोधन काय? पिंड पोचतो का, यावर परंपरेचं उत्तर असं की जीव ज्या योनीत असेल तिथल्या अन्नाच्या रूपानं त्याला तो मिळतो. हे उत्तर मी यजमानांना सांगतो आणि मनापासून मानतो. पण ऋणाचा विचार याहून निराळा आहे. ऋण हे घेणाऱ्याकडं राहतं. सावकार परगावी गेला, मेला, विसरला, तरी कर्ज फिटत नाही. तिला गरज आहे की नाही, हे बघायचं काम आपलं नाही. आपण घेतलं का, एवढंच विचारायचं.

आणि नुसत्या धर्मपिंडानं ते फिटतं का? माझं उत्तर, नाही. ज्याचं नाव कळणं शक्यच नाही त्याच्यासाठी तो पिंड आहे. नाव शोधायचा प्रयत्न न करता त्याच्या आड लपणं म्हणजे विधीचा गैरवापर. बापाचं नाव आठवत नाही म्हणून कुणी नुसतं “पिता” म्हणून संकल्प सोडत नाही. आधी चुलत्याला विचारतो, गावाकडं फोन लावतो. तेवढी धडपड इथंही व्हायला हवी. ती झाल्यावर जे उरेल ते काश्यप.

आपल्याकडं दहन असल्यानं न्यूयॉर्कसारख्या अस्थी फारशा मिळायच्या नाहीत. मिळेल ते वस्तूंत आणि कागदांत. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर 1945-46 मध्ये डेक्कन कॉलेजच्या डॉ. सांकलिया आणि डॉ. दीक्षितांनी उत्खनन केलं. टाउन हॉलच्या संग्रहालयात तिथला पोसायडनचा छोटा कांस्य पुतळा बघायला माणसं येतात, आणि यावं असाच तो आहे. पण त्याच टेकडीत बहामनी काळच्या काचेच्या बांगड्यांचे तुकडेही निघाले. शाळेच्या पोरांना तिथं नेणाऱ्या शिक्षकांना माझी विनंती आहे, पुतळा दाखवून झाला की मुलांना विचारा: गावात दळण, सारवण, पाणी भरणं कोण करत असेल, आणि त्यांच्या हाताला बांगडी असेल का?

ज्या शाहू राजानं 1918 मध्ये महार वतनं मोडून माणसांना पिढीजात वेठीतून सोडवलं, 1920 मध्ये मुली देवाला वाहण्याविरुद्ध कायदा केला, त्याच्या गावात हा विषय काढायला भिण्याचं कारण नाही.

तेव्हा यजमानहो, वाचकहो, एवढं करा. गावचा वाडा पाडायच्या आधी आतली जाती, उखळं, पाटे जुन्या बाजारात घालू नका. कुठल्या खोलीत होती, कोण वापरत होतं, हे वहीत लिहून ठेवा आणि फोटो काढा. माळ्यावर मोडी कागदांचे रुमाल असतील तर वाळवीच्या आधी पुराभिलेखागारात किंवा शिवाजी विद्यापीठात दाखवा. कागदात कुणबिणीची खरेदी निघाली तर फाडू नका, तिचं नाव वाचून घ्या. गडावर किंवा टेकडीवर स्वतः कुदळ मारू नका. तो गुन्हा आहे, शिवाय उकरलेली वस्तू मुकी होते. पुरातत्त्व खात्याची माणसं आली तर त्यांना चहा पाजा आणि गावातल्या म्हाताऱ्यांपाशी नेऊन बसवा. आणि येत्या म्हाळाच्या आधी घरातल्या सगळ्यात जुन्या माणसाला विचारा, आपल्या वाड्यात कोण राबत होतं. नाव मिळालं तर मला येऊन सांगा. धर्मपिंडाच्या आधी तिचा वेगळा पिंड मी मांडीन, त्याची दक्षिणा घेणार नाही.